मधलं तुम्ही सांगा

हॉलच्या तीन भिंतींना टेकवून त्रेचाळीस चित्रं उभी होती. खुर्च्या सात, त्यांतली एक डुगडुगणारी. पंखे दोन, पैकी फिरणारा एक. चहा सात कप आला होता, पण ऑडिटरने बोलता बोलता दोन संपवले होते, म्हणून चष्मेवालीच्या वाट्याला बशी आली होती. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ती मास्तरांच्या मानेकडे बघत होती.

बाकीचे पाच विश्वस्त माहितीपत्रकाच्या मागे लागले होते. संस्था चित्रकलेचे वर्ग चालवायची आणि वर्षातून एकदा प्रदर्शन भरवायची. चित्रं कुणीही आणून द्यावीत, निवडलेली लागावीत. यंदाच्या पत्रकात प्रत्येक विश्वस्ताच्या नावाखाली त्याच्या पेशाची एक ओळ टाकायची असं वकिलाने ठरवलं होतं, आणि त्या एका ओळीपायी अर्धा तास गेला होता. सर्जनला दोन ओळी हव्या होत्या. इंजिनियरला आपण बांधलेल्या पुलाचा उल्लेख हवा होता. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई म्हणत होत्या की माझं काही नका लिहू, आणि नाही लिहिलं तर त्या वर्षभर बोलणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकेकाला विश्वस्त केल्याची खरी कारणं पत्रकात येणार नव्हती. छत गळत होतं तेव्हा इंजिनियरला घेतलं होतं. सर्जन दर प्रदर्शनात चित्र विकत घ्यायचा, म्हणून तो. चष्मेवालीचं चष्म्यांचं दुकान हॉलच्या खालीच होतं आणि किल्ली ठेवायला कुणीतरी जवळचं हवं होतं, म्हणून ती. सातांत चित्र काढणारे एकटे मास्तर. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. चष्मेवालीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

“मास्तर, तुमचं काय लिहू?” वकिलाने विचारलं. “निवृत्त कलाशिक्षक?”

“चित्रकार लिहा.”

“नाही, हल्ली काढता ना काही? नियम तुमचाच आहे म्हणून विचारतो.”

नियम खरोखरच मास्तरांचा होता. फार पूर्वी एका विश्वस्ताने स्वतःच्या पुतण्याची पाच चित्रं भिंतीवर चढवली होती, तेव्हा मास्तरांनी भांडून संस्थेच्या घटनेत घालून घेतलं होतं: निवड चित्रकार विश्वस्तानेच करायची. चित्रकार नसेल, तर मिळेपर्यंत प्रदर्शन नाही.

“चित्रकारच लिहा,” मास्तर म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचं तोंड वकिलाकडे नव्हतं, दाराकडे होतं.

निवड पुढच्या रविवारी होती. आज ते नुसता फेरफटका मारत होते. चित्रासमोर ते सरळ उभे राहत नसत. खांदा चित्राकडे, नजर भलतीकडे. विश्वस्तांना त्याचं भारी कौतुक. उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे मास्तर चित्राकडे बघतात, असं सर्जन म्हणायचा. चष्मेवालीही इतके दिवस हसली होती. आज मात्र एका चित्रासमोर मास्तरांनी मान आधी डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग किंचित वर. उधारीवाल्याला टाळणारा माणूस अशी मान फिरवत नाही. काहीतरी आड आलेला माणूस फिरवतो.

दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला की चष्म्याची काडी सैल झालेली दिसते, येऊन जा. मास्तर आले, खुर्चीत बसले, सवयीने डावा डोळा तळव्याने झाकला. ती चष्मा पुसत होती. अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा लावायला वळणार, तेवढ्यात त्यांनी वाचायला सुरुवात केली. वरचं मोठं अक्षर, मग दोनाची ओळ, मग तीनाची, असं करत खालून दुसऱ्या ओळीपर्यंत, अडखळल्याशिवाय. एक अक्षर त्यांनी थोडं थांबून म्हटलं, कष्टाने दिसल्यासारखं. ते दर वर्षी तिथेच थांबायचे.

दुकानाच्या मागच्या खोलीत इतका अंधार होता की तिलाही तक्ता दिसत नव्हता.

पुढे होऊन तिने बटण दाबलं. त्या आवाजासरशी मास्तर गप्प झाले.

“आत्ता लावलास होय?” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे पकडला गेलो.”

तक्ता तिने दुकान उघडलं तेव्हापासून तोच होता. ज्या माणसाने चाळीस वर्षं वस्तू एकदा बघून फळ्यावर उतरवली, त्याला ती तोच तक्ता दर वर्षी दाखवत होती. डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, असं ती सांगायची, ते घेतला म्हणायचे. आणि आकडे इतके चांगले यायचे की तिने कधी खोदून विचारलं नाही.

“म्हणजे इतकी वर्षं मी तुमचा नंबर काढत नव्हते, मास्तर. पाठांतर घेत होते.”

“पैकीच्या पैकी दिलेस की,” मास्तर हसले. मग हसू ओसरलं. डॉक्टरांकडे ते खरंच जाऊन आले होते. पडद्याचा मधला भाग गेला, परत येणार नाही, असं कळलं होतं. घरी सुनेला सांगितलं नव्हतं. ती जिना उतरू देणार नाही ही भीती. “तुझ्या तोंडाकडे पाहिलं की तोंड जातं बघ. कान राहतात. तुझे कान चांगले आहेत, अगं. शाळेत लक्षात आलं नव्हतं.”

तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना तो दिसला, कारण तो खाली, कडेला होता.

“सांगणार आहेस वर?”

“नाही.”

“त्या सात खुर्च्यांत मी नसलो तर उरतं काय? कोर्ट, बँक, दवाखाना.”

“आणि चष्म्याचं दुकान.”

“मला हाकलतील असं नाही म्हणत मी. हार घालतील. भाषणं करतील. आणि रविवारी मी घरी बसेन.” “रंग कळतात मला अजून. तोल कळतो. वजन कुठे पडलंय ते कळतं.”

“मी सांगणार नाही,” ती पुन्हा म्हणाली. “पण त्रेचाळीस जणांनी आणून दिलीत चित्रं. सगळ्यांनी जीव ओतलाय तो चित्राच्या मधल्या भागातच.”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवून पाहिला. काडी घट्ट करून घेतली, पैसे किती विचारले, ती रागावली, ते गेले. भिंतीला एका बोटाने हलकेच चाचपत त्यांनी पायरी ओलांडली. हेही ती आज पहिल्यांदा बघत होती.

रविवारी मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, पायांत बूट. पहिलं चित्र इंजिनियरने स्टँडवर ठेवलं. मास्तर उठले, खांदा वळवून उभे राहिले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. सर्जनने उधारीचा विनोद काढला. कुणी हसायच्या आत मास्तर चित्राकडे पाठ करून विश्वस्तांकडे वळले.

“मला मधलं दिसत नाही,” ते म्हणाले. “दोन्ही डोळ्यांनी. तीन वर्षं झाली. गेल्या दोन निवडी मी कडा बघून केल्या.”

ऑडिटरने कप खाली ठेवला. सर्जन उठून त्यांच्याजवळ जायला निघाला आणि आपण डोळ्यांचे डॉक्टर नाही हे आठवून अर्ध्यावरच थांबला. बँकेच्या बाई पदराशी चाळा करू लागल्या. वकिलाने फाईल मिटली, मग पुन्हा उघडली. त्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो कलमं बघायचा.

“मास्तर, नियम असा आहे की...”

“मीच लिहिलाय. चित्रकार विश्वस्ताने निवड करावी. एकट्याने बघावं, असं लिहिलंय कुठे?”

वकिलाने ते वाक्य दोनदा वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला, एखादा अडलेला खटला सुटावा तसा. तसं कुठेही म्हटलेलं नाही, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

“मग मधलं तुम्ही सांगा,” मास्तर म्हणाले.

सुरुवात फार वाईट झाली. इतकी वर्षं त्या खोलीत बसून कुणीही चित्राबद्दल “छान आहे”च्या पुढे गेलं नव्हतं. सर्जनने लाजत सांगितलं की एक म्हातारा आहे, मनगटाचं हाड चुकलंय. एवढंच? मास्तरांनी विचारलं. सर्जनने पुन्हा पाहिलं. मनगट चुकलंय, पण हात थकलेला बरोबर आलाय, तो म्हणाला. असे हात रोज संध्याकाळी त्याच्या दवाखान्यातल्या बाकावर ओळीने बसलेले असायचे. मास्तरांनी ते चित्र ठेवलं. इंजिनियरच्या मते पुढचं घर पहिल्या वाऱ्यात पडलं असतं. मग त्यात माणसं का राहतात, असं मास्तरांनी विचारल्यावर तो विचारात पडला, आणि दुसऱ्या खोलीत दिवा लागलाय हे त्याला तेव्हा दिसलं. वकील साक्ष द्यावी तसं बोलायचा: जे दिसतं तेवढंच, तर्क नाही. ऑडिटरला झाडाची पानं इतकी आवडली की तो पुढच्या चित्राची पाळी आली तरी उठेना.

बँकेच्या बाईंच्या वाट्याला खिडकीपाशी उभ्या बाईचं चित्र आलं. त्या म्हणाल्या, छान आहे. मास्तर थांबून राहिले.

“ती उभी आहे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तिला काहीतरी विचारायचंय, पण आपल्याला हसतील असं वाटतंय तिला. माझ्या काउंटरवर यायच्या अशा. मी मान वर न करताच ‘पुढे’ म्हणायचे.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे ठेवा, मास्तर.”

“तुम्ही म्हणताय म्हणून नाही ठेवणार,” मास्तर म्हणाले. त्यांनी मान कलती केली, चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले. “खिडकीचा पिवळा चुकलाय. पण मोकळी जागा बरोबर सोडलीय तिच्या मागे. ठेवा.”

संध्याकाळपर्यंत त्रेचाळिसांतली अठरा चित्रं निवडून झाली. सगळ्यांचे घसे बसले होते. निघताना वकिलाने पत्रकाचा कच्चा कागद काढला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला की मास्तरांची ‘चित्रकार’ ही ओळ मी तशीच ठेवतोय.

सोमवारी मास्तर सुनेला बरोबर घेऊन दुकानात आले. चष्मेवालीने नवा तक्ता लावला होता. तिने आधी दिवा लावला, मग डोळा झाकायला सांगितलं. तक्ता झाल्यावर ती त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि स्वतःची बोटं हलवत चारी दिशांनी, कडेकडून आत आणत गेली. बोट दिसलं की मास्तर “आलं” म्हणायचे. मग तिने कार्डावर लिहिलं:

उजवा डोळा: तक्ता दिसत नाही, एक मीटरवर धरलेली बोटं मोजतात.
डावा डोळा: तक्त्यातलं सर्वांत वरचं अक्षर.
कडेची नजर: दोन्ही डोळे, चारही दिशांना, पूर्ण.