मालिनीच्या नावाची कंपनी

इन्शुरन्स चालत नाही असं स्क्रीनवर आलं, तेव्हा मालिनी साठयेला वाटलं, जन्मतारीख टाकताना आपलंच काहीतरी चुकलं असणार. तिनं पुन्हा टाकून पाहिली. पुन्हा तेच. ती काम करायची त्या फार्मसीच्या काउंटरपलीकडे डॅरल उभा होता आणि त्याच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी साचत होतं.

डॅरल म्हणजे तिच्या नवऱ्याच्या हाताखालचा सगळ्यात जुना इलेक्ट्रिशियन. पुरुषोत्तमनं गाड्यांच्या कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून साठये इलेक्ट्रिक काढली, तेव्हा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या ओळखीच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. त्या दिवसांत डॅरलनं त्याला या धंद्यातलं सगळं शिकवलं. टेंडर कसं भरायचं, कुठला इन्स्पेक्टर कशावर अडून बसतो, इथपर्यंत.

"कार्ड बदललंय का तुमचं?" मालिनीनं विचारलं.

"कार्ड तेच आहे. कव्हरेज गेलंय," डॅरल म्हणाला. "युनियनच्या फंडात माझे तास भरत नाहीत."

एवढं मालिनीला माहीत होतं की युनियनचा माणूस जितके तास काम करतो, त्या प्रत्येक तासामागे कंत्राटदारानं फंडात पैसे भरायचे असतात. त्यातून त्याचा आरोग्यविमा चालतो, त्यातूनच पेन्शन साठते. ठरावीक तास भरले नाहीत तर विमा बंद.

"पण तुम्ही तर रोज कामावर असता."

"असतो ना. तीन दिवस साठये इलेक्ट्रिकचा, दोन दिवस मालिनी पॉवरचा. माणूस तोच, काम तेच, पण मालिनी पॉवर युनियनमध्ये नाही. तिथले तास कुणी फंडाला कळवत नाही." त्यानं कार्ड खिशात ठेवलं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. कंपनी तुमची आहे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

औषध त्याच्या बायकोचं होतं. इव्हॉनच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. विम्याशिवाय त्यांची किंमत ऐकून डॅरलनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "अर्ध्याच द्या. दोनच्या ऐवजी एक घेईल ती."

मालिनीनं आतून रीमाला बोलावलं. रीमा तिथली फार्मसिस्ट. तिनं त्याला चांगलं खडसावून सांगितलं की ही गोळी चुकवायची नाही, रक्ताची गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो, परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून जुनी, स्वस्त गोळी सुरू करा. डॅरलनं मान डोलावली. त्या गोळीसाठी सारखं रक्त तपासावं लागतं आणि तपासणीलाही विमा लागतो, एवढंच म्हणाला. अर्ध्या गोळ्या घेऊन तो गेला.

मालिनी पॉवर सर्व्हिसेस. हे नाव मालिनीनं पहिल्यांदा ऐकलं ते तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, बॅन्क्वेट हॉलमध्ये, माइकवरून. पुरुषोत्तमनं केक कापण्याआधी जाहीर केलं होतं, "बायकोला लोक दागिने देतात, मी कंपनी देतोय." महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीनाक्षीकाकूंनी तिची दृष्टही काढली. पुढच्या आठवड्यात पिवळे स्टिकर लावलेले कागद आले आणि जिथं जिथं स्टिकर होता तिथं तिनं सही केली. मालक बाई असेल तर सरकारी कामं सोपी जातात, असं तो म्हणाला होता. ती कंपनी पुढं काय करते हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा पुरुषोत्तम ड्राइव्हवेमध्ये व्हॅनच्या दारावरची चुंबकाची पाटी बदलत होता. साठये इलेक्ट्रिकची काढून मालिनी पॉवरची लावायची. हे तर ती कित्येक महिने बघत होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, चहा पिताना. आज तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"पुरू, डॅरलचा इन्शुरन्स बंद झालाय."

"हो, बोलला मला." त्यानं बाहीनं पाटी पुसली.

"मग?"

"मग काय? बघतो काहीतरी. युनियनच्या रेटनं टेंडर भरलं तर एक काम मिळत नाही, मालू. ही दुसरी कंपनी आहे म्हणून त्याला आठवड्याचे पाच दिवस तरी काम आहे."

"माझ्या कंपनीत त्याचे तास का भरत नाहीत?"

पुरुषोत्तम हसला. "तुझ्या कंपनीत," तो म्हणाला. लहान मुलानं भातुकलीतली कढई दाखवावी आणि मोठ्यानं हसावं, तसं ते हसणं होतं.

"अगं, तू कशाला टेन्शन घेतेस? दोन कंपन्या वेगळ्या, मालक वेगळे. उद्या फंडवाले साठये इलेक्ट्रिकच्या मागं लागले तरी तुझ्या कंपनीला हात लावू शकत नाहीत. म्हणून तर तुझं नाव घातलंय."

"म्हणजे मला आडोसा म्हणून उभं केलंयस."

"आणि हिमानीची ॲन आर्बरच्या कॉलेजची फी कुठून जाते? तेव्हा नाही विचारलंस."

मुलीचं नाव मध्ये आणलं की मालिनी गप्प होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती गप्प झाली नाही. "डॅरलचे तास भर," ती म्हणाली. "सगळे. मागचेसुद्धा. हे मी विचारत नाहीये, सांगतेय." बरं, बघतो, म्हणाला तो.

त्यानंतर तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर.

मार्चमध्ये एका रविवारी जेवताना त्यानं आमटी आणखी वाढून घेतली आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "डॅरल काही दिवस येणार नाही. बायकोला स्ट्रोक आलाय. उजवी बाजू गेली, बोलताही येत नाहीये म्हणे."

"तास भरलेस त्याचे?"

"मालू, कॅशफ्लो जरा टाइट आहे, एप्रिलमध्ये—"

तिनं आमटीचं पातेलं उचललं, सिंकमध्ये पालथं केलं आणि नळ सोडला. मग भाताचं भांडं. पुरुषोत्तम हातात घास धरून बघत राहिला. "वेड लागलंय का तुला?" त्यानं विचारलं. तिनं नळ आणखी मोठा सोडला.

तक्रार डॅरलनं केली. युनियनच्या ऑफिसात जाऊन त्यानं सगळं सांगितलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फंडानं दोन्ही कंपन्यांवर दावा लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: या दोन कंपन्या नाहीतच, एकाच कंपनीला दोन नावं आहेत. तेव्हा मालिनी पॉवरमध्ये झालेल्या कामाचेही पैसे फंडाला द्यायला हवेत. दाव्यात मालिनीची शपथेवर साक्ष होणार होती, कारण मालक ती.

पुरुषोत्तमचा वकील म्हणजे मंडळातलाच चारुदत्त. तो घरी आला, चहा घेतला आणि तिला समजावू लागला.

"वहिनी, खोटं बोला असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त विचारलं तेवढंच सांगायचं. हो, नाही, आठवत नाही. आणि कंपनीचे निर्णय तुम्ही घेता, एवढं ठामपणे यायला हवं."

"कोणते निर्णय?"

चारुदत्तनं पुरुषोत्तमकडे पाहिलं. पुरुषोत्तमनं बिस्किटाकडे.

"म्हणजे, बिझनेसचे," चारुदत्त म्हणाला.

"एखादा सांग ना. मी घेतलेला एक निर्णय सांग, मी तो पाठ करते."

"वहिनी, हे प्रकरण हरलो तर घरापर्यंत येऊ शकतं. एवढं लक्षात घ्या."

"इव्हॉनच्या घरापर्यंत आधीच गेलंय ते," मालिनी म्हणाली आणि त्याचा अर्धा भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.

साक्ष कोर्टात नाही, डेट्रॉइटमधल्या वकिलांच्या एका ऑफिसात झाली. लांबलचक टेबल, एका टोकाला शब्द न् शब्द टिपून घेणारी बाई. फंडाची वकील कोवाल्स्की नावाची, पांढऱ्या केसांची, शांत आवाजाची बाई होती. पुरुषोत्तम समोरच बसला होता, इस्त्रीच्या निळ्या शर्टात. तो शर्ट मालिनीनंच त्याला घेतला होता. तो बघून तिला आणखीच राग आला.

"मालिनी पॉवरचं ऑफिस कुठे आहे?"

"साठये इलेक्ट्रिकचं आहे तिथंच. एकच दार, एकच फोन."

"व्हॅन्स कोणाच्या?"

"त्याच. दारावर चुंबकाची पाटी असते, ती बदलतात. आमच्या घरासमोरच."

चारुदत्त खाकरला. त्यानं एक हरकतही नोंदवली. कोवाल्स्कीनं मालिनीला उत्तर पुरं करायला सांगितलं.

"कामगार कोण नेमतं?"

"माझा नवरा."

"टेंडरची किंमत कोण ठरवतं?"

"माझा नवरा."

"मग मालक म्हणून तुमचं काम काय होतं, मिसेस साठये?"

हो, नाही, आठवत नाही. तिन्ही उत्तरं तिच्या जिभेवर होती.

"सह्या करणं," ती म्हणाली. "आणि वाढदिवसाला टाळ्या घेणं."

टिपून घेणाऱ्या बाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मालिनी बोलतच राहिली. तास का भरले नाहीत हे आपण विचारलं होतं, आपल्याला बघतो असं सांगण्यात आलं, डॅरल फार्मसीत आला त्याच दिवशी घरात हे बोलणं झालं. तिचा आवाज चढला नव्हता.

खाली पार्किंगमध्ये पुरुषोत्तम तिच्या वाटेत उभा राहिला. "पंचवीस वर्षांची मेहनत मातीत घातलीस. घर बुडवलंस तू."

"तुला अजूनही घराचंच पडलंय," ती म्हणाली. "त्या बाईला नवऱ्याचं नाव घेता येत नाहीये, पुरू. किल्ली दे. तू चारुदत्तबरोबर ये."

त्यानं किल्ली दिली.

निकाल पुढच्या वर्षी लागला. दोन्ही कंपन्या एकच आहेत आणि थकलेलं सगळं, व्याजासकट, दोन्हींनी मिळून भरायचं, असं न्यायाधीशांनी ठरवलं. कंपनीची शेड विकली, व्हॅन्स गेल्या. पुरुषोत्तम आता दुसऱ्याच्या कंपनीत टेंडरं बनवतो. दोघं एकाच घरात राहतात आणि विजेचं बिल, हिमानीचं येणं-जाणं, एवढंच बोलतात. मीनाक्षीकाकूंचा फोन आला होता. "घरातलं घरात मिटवायचं असतं गं," त्या म्हणाल्या. "ते घरात मावत नव्हतं, काकू," मालिनीनं सांगितलं. तेव्हापासून मंडळाचं बोलावणं येत नाही.

डॅरलचे तास जमा झाले. विमा मागल्या तारखेपासून लागू झाला, हॉस्पिटलची बिलं फंडानं उचलली. इव्हॉनचा हात आणि वाचा कुठल्या निकालात बसत नव्हती.

एका शनिवारी मालिनी त्यांच्या घरी गेली. काय बोलायचं हे ठरवून गेली होती, पण डॅरलनं दार उघडलं आणि ते सगळं तिच्या डोक्यातून गेलं. तो दारातच उभा राहिला. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

"तुमच्या साक्षीचं मला सांगितलं वकिलांनी," तो म्हणाला. "थँक यू."

"इव्हॉनला भेटू शकते?"

"नको." त्यानं पुढं सांगितलं, "कंपनीचं नाव कळलंय तिला. तुमचं नाव निघालं की डावा हात खुर्चीवर आपटत राहते. मग तिला शांत करायला तास जातो."

मालिनीला सांगायचं होतं की ते नाव मी ठेवलं नव्हतं. ते खरंही होतं. पण तिच्या तोंडून ते निघेना, कारण इव्हॉनच्या जागी ती असती तर तिनंही हात आपटला असता, अजून जोरात.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली.

डॅरलनं मान हलवली आणि दार लावलं. हळूच लावलं, आतल्या माणसाला दचकवू नये तसं. मालिनीला वाटलं, त्यानं ते आपटायला हवं होतं.