कुलपातली सोनोग्राफी मशीन

मित्रांनो, माझ्या तकतकीत अंगावर जाऊ नका. मी अकरा वर्षं जुनी सोनोग्राफी मशीन आहे. इक्वाडोरच्या डोंगरातल्या सान ओनोफ्रे गावच्या छोट्या इस्पितळात मी राहते. राहते कसली, कोंडलेली आहे.

माझं काम तसं सोपं. कुणी घोड्यावरून पडतो, कुणी मोटरसायकलवरून आपटतो. वर साधं खरचटलेलंही नसतं आणि आत पोटात रक्त साठत असतं. पोटाला जेल लावून माझा प्रोब चार ठिकाणी टेकवला, की दोन मिनिटांत मी ते दाखवते. माझ्या पडद्यावर ते रक्त काळं दिसतं. पहिली चार वर्षं मी तातडीच्या खोलीतच उभी असे. कितीजणांना माझ्यामुळे वेळेत शहरात नेता आलं! माणसं घरी जाताना मला हात लावून क्रुसाची खूण करत.

मग एकदा स्ट्रेचरचं चाक माझ्या वायरीवरून गेलं. आमच्याकडे सरकारी वस्तू कुणाच्या तरी सहीवर असते आणि तिचं काही बिघडलं की त्यालाच धारेवर धरतात. माझ्यासाठी सही होती भांडारपाल विल्फ्रिदोची. त्या वायरीपायी बिचाऱ्याने वर्षभर चौकशीचे हेलपाटे घातले. माणूस वाईट नाही, पण त्याने धसकाच घेतला. त्याने मला भांडारात नेलं, बायकोकडून भरतकामाचं कव्हर शिवून घेतलं आणि दाराला कुलूप ठोकलं. मी हवी असेन तर विल्फ्रिदोला गाठायचं, वहीत सही करायची, मग मी बाहेर.

गेल्या वर्षीच्या जत्रेची गोष्ट. आमच्या जत्रेत बैल मैदानात सोडतात. बैलाच्या पाठीवरची झूल जो ओढून काढेल, त्याची ती. रोसालिनो नावाच्या गवंड्याने झूल ओढली खरी, पण बैलाने वळून त्याच्या पोटात कपाळ हाणलं. इस्पितळात तो चालतच आला. भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज येत होता. बायकोला, देल्फिनाला, तो चिडवत होता, "रडतेस काय? पलंगावर घालायला झूल मिळाली ना फुकटात!"

डॉक्टर येसेनिया पदवीनंतरच्या वर्षभराच्या सक्तीच्या नेमणुकीवर आलेली तरुण मुलगी. नाडी पाहूनच तिला शंका आली आणि तिने मला मागवलं. गावाला रुग्णवाहिका एकच, ती मैदानापाशी उभी. पोटात रक्त आहे असं पक्कं कळल्याशिवाय ती हलणार नव्हती. आणि माझी किल्ली विल्फ्रिदोच्या खिशात! नेमका तोच त्या वर्षीच्या जत्रेचा यजमान. निन्फा नर्स त्याच्याकडे पळाली. शेवटचा बैल झाला की येतो म्हणाला, यजमानच उठून गेला तर गाव तोंडात शेण घालेल म्हणाला. किल्लीही देईना. सही त्याची होती ना!

येसेनियाने हातोडा आणला. मला वाटलं, सुटले.

"डॉक्टर, कुलूप तोडलंत तर तुमचं वर्ष वाया जाईल," निन्फा म्हणाली. "जरा कळ काढा. येतोच आहे तो."

आणि त्या पोरीने हातोडा खाली ठेवला. असा संताप आला मला! पलीकडे रोसालिनोची थट्टा थांबली. मग तो सारखं पाणी मागू लागला.

सव्वा तासाने विल्फ्रिदो धापा टाकत आला. त्याने आधी वहीत सही घेतली. प्रोब टेकताच यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधे काळं दिसलं, खाली मूत्राशयापाशीही काळंच. आता रुग्णवाहिका लगेच आली. पण शहर दीड तासावर. रोसालिनो घाटातच गेला.

नवव्या दिवशी देल्फिना त्याचे कपडे न्यायला आली. भांडार मोजणीसाठी उघडं होतं. तिने मला पाहिलं.

"ही कायम इथेच होती?" तिने विल्फ्रिदोला विचारलं.

"हो वहिनी."

"चालू?"

"चालू."

ती कपडे घेऊन निघून गेली. विल्फ्रिदोने माझं कव्हर नीट केलं. पुढच्या महिन्यात तपासनीस आले आणि 'उत्तम निगा' असा शेरा लिहून गेले.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, मला वापरा. वापरून वापरून मोडले तरी चालेल, पण माणूस पलीकडे मरत असताना मला असं जपू नका. माझं कोण ऐकतंय म्हणा! परवाच विल्फ्रिदोने दाराचं कुलूप बदललं. आधीच्यापेक्षा मोठं आहे.