त्याने वाडगा सोडला तेव्हा

सदऱ्याचं तिसरं बटण काजात शिरेना. कडेचा टवका उडालेल्या त्या पांढऱ्या बटणावर झाउरेशचं बोट थांबलं. खाली नवऱ्याची छाती वर-खाली होत होती... तोलेगेनच्या शरीरात आता एवढंच आपणहून हलत होतं. बर्फावर घोडा घसरला तो हिवाळ्यात. उन्हाळा सरून गवत पिवळं पडलं तरी त्याचे पाय तसेच निर्जीव.

"आज बाहेर बसवते. ऊन छान आहे."

"पोत्यासारखं उचलून? नको."

"मग राहा पोत्यासारखा पडून!"

शब्द तोंडातून निघून गेला. तोलेगेनने कूस बदलली नाही — बदलता येत नव्हती — नुसते डोळे मिटले. आणि त्याच क्षणी आभाळात दणका झाला, तंबूचे दांडे थरथरले. बाहेर येऊन तिने पाहिलं: नारिंगी-पांढरी प्रचंड छत्री टेकाडापलीकडे उतरत होती. या माळावर माणसं अशी अवकाशातून उतरतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण इतक्या जवळ कधी कुणी आलं नव्हतं. तिने घोडीच्या आंबवलेल्या दुधाने वाडगा भरला. पाहुणा आलाय, रिकाम्या हाताने कसं जायचं — असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर त्या मिटलेल्या डोळ्यांपासून तिला लांब जायचं होतं.

हेलिकॉप्टरं आधीच पोचली होती. करपलेल्या गवतात यानाचा काळा पडलेला गोळा आडवा, आणि शेजारी खुर्चीत, कांबळ्यात गुंडाळलेला, सुजल्या चेहऱ्याचा एक माणूस. जवळजवळ वर्षभर वर होता म्हणे. मान सावरतानाही त्याला घाम फुटत होता.

"ताई, घोडीचं दूध का हो ते?"

"खबरदार, एक घोटही नाही!" त्याच्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"अहो, वास तरी घेऊ द्या. वर्षभर नुसतं तापलेलं लोखंड हुंगलंय!"

त्याने दोन्ही हातांनी वाडगा धरला. "बाप रे, केवढा जड!" डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला, मग डॉक्टरीणबाईंकडे वळून काही सांगू लागला — आणि बोलता बोलता, फळीवर ठेवावा तितक्या सहजपणे, त्याने वाडगा हवेत सोडून दिला.

दूध गवतात सांडलं. सगळे हसले. तो हसला नाही. उघड्या बोटांकडे बघत राहिला. "वर... थांबला असता हो," तो हळूच म्हणाला.

झाउरेशच्या अंगावर काटा आला. ही बोटं खोटं बोलत नव्हती. म्हणजे खरंच अशी जागा आहे, जिथे सोडलेलं पडत नाही. जिथे कुणालाच पायांची गरज पडत नाही... लग्नाच्या वर्षी तोलेगेनने तिला पुढ्यात बसवून घोडा भरधाव सोडला होता, रिकिबीतून पाय काढून ओरडला होता, "झाउरेश, बघ, जमीन सुटली!" आणि ती भीतीने हसत सुटली होती. ते त्याचे पाय. रोज सकाळी ती उचलते तेच.

घरी आली तेव्हा तो जागा होता.

"काय झालं तिकडे?"

कित्येक महिन्यांत त्याने काही विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. नीट जमलं नाही, हातवारे करत सांगितलं.

"सोडला? हवेत?"

"हवेत."

"आणि थांबेल असं वाटलं त्याला?"

"वाटलं नाही रे... माहीत होतं."

तो तंबूच्या माथ्यावरच्या गोल झरोक्यातून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याला चालता येत होतं?"

"नाही. उचलून बसवलं होतं."

बाहेर नेऊ का, हे शब्द ओठांवर आले, ती थांबली. सकाळचं ते बोलणं तसंच दोघांमध्ये होतं, त्याची माफी कशी मागायची तिला कळेना. ती त्याच्याशेजारी जमिनीवर आडवी झाली, आणि आयुष्यात प्रथमच तिला जाणवलं की ही जमीन तिला खाली ओढते आहे, सारखी, क्षणभरही न सोडता — तिला, त्याला, घोड्यांना, साऱ्या माळाला — आणि इतक्या मोठ्या ओढीत आपण आजवर सहज उभे राहत आलो, या नवलाने तिचा श्वास अडकला.