दीड ते चारचा पंखा

इंदिरानगरात गोरक्षच्या बंगल्याला लोक ‘कॉम्प्युटरचा बंगला’ म्हणत, आणि असं म्हणणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द गोरक्षचा होता. त्याचे वडील मखमलाबादला कोबी-फ्लॉवर आणि झेंडू पिकवायचे. पहाटे उठून वाफ्यांना पाणी सोडायचं काम लहानपणी गोरक्षच्याच वाट्याला यायचं. आपल्या घरात कुणाला कशासाठी उठावं लागणार नाही, हे त्याने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढे तो इंजिनिअर झाला, अंबडच्या कारखान्यात लागला, घर बांधलं, आणि जिन्याखालच्या कपाटात एक कॉम्प्युटर बसवून त्याच्या हाती अख्खं घर सोपवलं. टाकीची मोटार, फाटकाचा दिवा, गीझर, बागेचा नळ, खोल्याखोल्यांतले पंखे, सगळं वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालू आणि बंद होई. पाहुण्यांना चहाआधी ते कपाट बघावं लागे.

२००३च्या मे महिन्यातल्या एका रविवारी हा सगळा डोलारा कोसळला, तोही गोरक्षच्याच हातून. संध्याकाळी पाच वाजता सावळीरामशेठ घर बघायला येणार होते. शेठ पाथर्डी फाट्याकडे चाळीस रो-हाउस बांधत होते, आणि पसंत पडलं तर प्रत्येक घरात असा कॉम्प्युटर बसवायचं काम ते गोरक्षला देणार होते. मग नोकरी सोडून स्वतःचा धंदा. गोरक्षने कारखान्यात ही गोष्ट चार जणांना सांगूनही टाकली होती. आता माणसाने अशा दिवशी चालतं घर चालू द्यावं की नाही? पण गोरक्षला राहवेना. पुण्याच्या एका मित्राने प्रोग्रामची नवी आवृत्ती सीडीवर पाठवली होती आणि तिची खुबी म्हणजे तिला बोलता येत होतं. दार उघडलं की घर ‘या, बसा’ म्हणणार होतं. शेठ गार पडतील, या आनंदात त्याने सकाळी नऊ वाजता सीडी घातली.

साडेनवाला सगळं अडकलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला तर नवा प्रोग्राम धड चालेना आणि जुना तर पुसलाच गेलेला. खटक्यांमागून खटके वाजले, बाथरूममधला पंखा जोरात फिरू लागला, फाटकाचा दिवा भर उन्हात लागला आणि मोटार काही केल्या सुरू होईना. गोरक्षच्या तोंडचं पाणी पळालं. जुना प्रोग्राम दुसऱ्या सीडीवर होता, तो कसाबसा परत चढला. पण वेळापत्रक होतं एका फ्लॉपीत, आणि ती फ्लॉपी उघडेना. पुसली, फुंकली, झटकली, शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. शेवटी त्याने हात टेकले. तीन वर्षांत थोडंथोडं करत भरलेल्या साठेक नोंदी गेल्या होत्या आणि त्यातल्या पंधराही त्याला आठवत नव्हत्या.

त्याची बायको शुभांगी शाळेत शिकवायची. रविवार म्हणून ती घरीच होती. नवरा घामाघूम होऊन जिन्याखाली बसलाय हे तिने थोडा वेळ पाहिलं आणि मग म्हणाली, हे घर दिवसभर सांभाळतं कोण? तू कारखान्यात, मी शाळेत. चिमणाबाईंना विचार ना.

चिमणाबाई मूळच्या पेठ तालुक्यातल्या. भातशेतीनंतर कामाला नाशकात यायच्या, त्या पुढे इथेच राहिल्या. सकाळी आठला यायच्या आणि शुभांगी शाळेतून आली की चारनंतर जायच्या. रविवारीही दुपारच्या जेवणापर्यंत येऊन जायच्या; त्या दिवशी पाहुण्यांसाठी संध्याकाळपर्यंत थांबणार होत्या. गोरक्षला कल्पना मुळीच आवडली नाही. इंजिनिअरने बनवलेली वस्तू, आणि ती परत उभी करायला विचारायचं कुणाला? पण घड्याळात अकरा वाजून गेले होते.

चिमणाबाई ओले हात पदराला पुसत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काय हवंय ते शुभांगीने सांगितलं. त्यावर त्यांनी अख्खं घर म्हणून दाखवलं. सव्वाआठला मोटार सुरू होते, टाकी भरून सांडायच्या आत बंद होते. साहेबांची गाडी गेली की वरचा गीझर बंद. दहाला बागेचा नळ, आधी गुलाबांकडचा, मग लिंबाकडचा. भांडी घासून झाली की मागचा दिवा आपला आपण विझतो. घड्याळ त्यांना बेताचंच कळायचं. पण कुकरची शिट्टी, शाळेची बस, भाजीवाल्याची हाक, यांच्या मध्ये कुठे काय घडतं ते त्यांना चोख ठाऊक होतं. शुभांगी त्याची वेळ काढून वहीत लिहायची आणि गोरक्ष ती भरायचा. एकेक खटका जागेवर आला, मोटार लागली, पाणी चढल्याचा आवाज आला, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. चाळीसच्या वर नोंदी झाल्या.

मग चिमणाबाई थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. अजून काही आहे का, असं शुभांगीने विचारलं.

“एक हे. पण ते मशीनचं नाय,” चिमणाबाई म्हणाल्या. “ते माझ्या हातून झालेलं हे.”

आणि त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला पंखा ओल्या फडक्याने पुसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसल्या आणि पंखा बंद पडला. चारला पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून रोजचं तेच, दीडच्या सुमाराला बंद, चारला चालू. पाणी आत गेलं असणार, म्हणून दुपारी तापला की बंद पडतो, असं त्यांनी धरलं. सांगायची हिंमत झाली नाही, आणि सुट्ट्यांत ताई दुपारच्या वरच्या खोलीत असायच्या, म्हणून त्यांनाही कळलं नाही. त्या मागच्या पायरीवर जाऊन जेवू लागल्या. आणि केलेलं नुकसान भरून निघावं म्हणून रविवारची सुट्टी त्यांनी आपण होऊन सोडली होती.

शुभांगीने पेन खाली ठेवलं. अहो वेड्या आहात का तुम्ही, पंख्यासाठी दोन वर्षं कुणी असं मनात ठेवतं का, असं ती म्हणाली. गोरक्षची त्या दोघींकडे पाठ होती, हे त्याचं नशीब. तोंड पाहिलं असतं तर शुभांगीला सगळं कळलं असतं.

कारण पंख्याला काहीच झालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी कसलेसे कागद न्यायला गोरक्ष घरी आला होता. चिमणाबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर पंख्याखाली गाढ झोपलेल्या. आपण कामाचे पैसे देतो आणि ही बाई आपल्याच पंख्याखाली झोपा काढते, याचा त्याला राग आला. पण उठवून चार शब्द बोलायचं त्याच्या जिवावर आलं. कागद उचलून तो चोरपावलांनी निघून गेला आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर एक ओळ टाकली: सोमवार ते शनिवार, दीड ते चार, स्वयंपाकघराचा पंखा बंद. शुभांगीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

आता बोलायची वेळ होती. चिमणाबाई त्याच्या उत्तराची वाट पाहत होत्या. गोरक्षने घसा खाकरला आणि न वळता म्हणाला, “जाऊ द्या चिमणाबाई. जुनाच झाला होता पंखा. मी बघतो त्याचं.”

म्हणजे त्याने त्यांना माफ केलं. स्वतःचा गुन्हा दुसऱ्याच्या पदरात घालून वर मोठ्या मनाने माफही करून टाकला. हे त्याला तोंडातून शब्द निघताक्षणी समजलं आणि त्याचे कान तापले. चिमणाबाई मात्र मनावरचं ओझं उतरल्यासारख्या हसल्या आणि पोळ्या करायला गेल्या. ती ओळ त्याने पुन्हा भरली नाही. आपण सुधारलो, एवढ्यावर हे मिटेल, असं त्याला वाटलं.

पाचला सावळीरामशेठ आले. घर ‘या, बसा’ म्हणालं नाही. पण बाकी सगळं हुकमी चाललं. गोरक्षने दाखवण्यापुरत्या वेळा बदलल्या तसा फाटकाचा दिवा लागला, बागेचा नळ सुटला, शेठनी कपाटात डोकं घालून तारा पाहिल्या आणि खूश झाले. चिमणाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. बैठकीतून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं आणि तिथला पंखा गरागरा फिरत होता. साहेबांनी दुरुस्त केला, असं त्यांचं शुभांगीला दोनदा सांगून झालं होतं.

शेठनी चहाचा घोट घेतला. चांगलं आहे सगळं, पण बंगल्यावाल्यांचं दुखणं वेगळंच असतं, म्हणाले. “मालक बाहेर गेले की कामवाल्या बाया पंखे लावून झोपतात दुपारच्या. त्याचा काही बंदोबस्त होतो का ह्याच्यात?”

“होतो,” गोरक्ष म्हणाला. कारखान्यात साहेबाला उत्तर द्यावं तसं ते तोंडातून निघून गेलं.

“मग दाखवा की.”

चिमणाबाई ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. नाही म्हणायला गोरक्षला एक क्षण मिळाला होता. त्या क्षणात त्याला चाळीस घरं दिसली, कारखान्यातले चार जण दिसले, आणि तो उठून जिन्याखाली गेला. सकाळपासून प्रत्येक ओळ त्याने विचारून विचारून भरली होती. ही एकच ओळ त्याने कुणाला न विचारता झरझर टाकली. फक्त वार आणि वेळ बदलली. खटका वाजला. स्वयंपाकघरातला पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला.

शेठनी मांडीवर थाप मारली. चाळीसही घरांत ही सोय पाहिजे, उद्याच साइटवर या, असं सांगून ते निघाले. फाटकापर्यंत त्यांना पोचवून गोरक्ष परत आला तेव्हा शुभांगी स्वयंपाकघरात पंख्याचं बटण खालीवर करत होती. पंखा ढिम्म हलत नव्हता. गोरक्ष आला तरी तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“ताई, ऱ्हाऊ द्या,” चिमणाबाई म्हणाल्या. “तो साहेबांच्याच हातात हे.” मग त्या गोरक्षकडे वळल्या. “म्हंजे मी नव्हता बिघडवला.”

“नाही,” गोरक्ष म्हणाला. “मीच बंद करत होतो.” जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

चिमणाबाईंनी हातातला ट्रे ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, “झोपायचे मी, साहेब. खोटं नाय बोलणार. पहाटं चारला उठते, दुपारी पाठ टेकली का डोळा लागायचा. पण तुम्हाला तोंड व्हतं ना? चिमणाबाई, झोपू नका, एवढंच सांगायचं. झोपले नसते मी.”

त्यांनी शेठचा कप उचलला, मोरीत विसळला, पालथा घातला, आणि पायात चपला सरकवून मागच्या दाराने निघून गेल्या.