केकवरची कण्हेर

उत्रोलीचा कुमार सकाळी केक घेऊन गेला, तेव्हा शुभ्रा कामात बुडाली होती. निघताना तो म्हणाला होता, "ताई, वर घरची फुलं खोचली तर चालतील ना? आईची लई हौस हाय." ती दुसऱ्या केकवर क्रीम फिरवत होती. मान वर न करताच म्हणाली, "चालतील की." कुठली फुलं, हे तिनं विचारलंच नाही.

दुपारी तिनं कुमारच्या स्टेटसवर केकचा फोटो पाहिला. पांढऱ्या क्रीममध्ये गुलाबी कण्हेर, देठासकट खोचलेली.

तिनं फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिनं स्कूटर काढली. पुढं एसटी रेंगाळत होती, ओलांडायला जागा नव्हती. फोटोत मेणबत्ती पेटलेली होती का? काही केल्या आठवेना.

कुमारच्या अंगणात स्पीकर दणाणत होता. त्याच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, शेफालीच्या, हातात सुरी होती.

"कापू नका!" शुभ्रा ओरडली.

कुणीतरी गाणं बंद केलं. कुमारची आई, सगुणाबाई, पुढं आल्या. "काय झालं गं बाई? म्या खोचली ती फुलं."

"आजी, कण्हेर विषारी असते."

"व्हय, ठावं हाय. शेळी बी तोंड लावत न्हाई. पर फुलं कोण खातंय? फोटो काढून उपटायचीच व्हती."

"देठ आत गेलेत. चीक क्रीममध्ये उतरतो."

सगुणाबाईंनी एक फूल उपटलं. देठ ओला होता, क्रीमनं माखलेला. तेवढ्यात कुमारला केकच्या कडेला बोटाचा ओरखडा दिसला. त्यानं शेफालीकडं पाहिलं. तिनं हात पाठीमागं नेला.

"चाटलंस का गं?"

"एवढंसंच," ती म्हणाली.

कुमारनं तिला मोटारसायकलवर पुढ्यात घेतलं. मागोमाग शुभ्राच्या स्कूटरवर सगुणाबाई. वाटभर त्यांनी शुभ्राचा खांदा घट्ट धरला होता. भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, "आत्ता काही दिसत नाही, पण संध्याकाळपर्यंत थांबा. फुलं खोचलेला केक कुणालाच देऊ नका."

केक खड्ड्यात पुरा, असा निरोप कुमारनं घरी धाडला. शुभ्रा बाकावरून उठायची, दारापर्यंत जायची, परत बसायची. सगुणाबाई तिसऱ्यांदा हात धुऊन आल्या.

"कुमारनं तुला इचारलं व्हतं म्हन."

"विचारलं होतं. मीच नीट ऐकलं नाही."

सगुणाबाईंनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "म्या तरी कुठं सांगितलं, कसली ती."

दिवेलागणीला डॉक्टरांनी शेफालीला सोडलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "माझा केक कुठंय?"

"उद्या आणते," शुभ्रा म्हणाली.

"अन् फुलं?" शेफालीनं विचारलं.

"क्रीमचीच काढीन. सगळी खाता येतील अशी."

शेफाली विचारात पडली. "आजीला पन एक दे," ती म्हणाली.