खताचा वास

आनंदराव पुण्याचं शेतकी प्रदर्शन बघून आला तो दोन ओझी घेऊन, एक पोतं आणि दुसरं शहाणपण. पोतं कापूरहोळपासून विंझरच्या वरच्या वाडीपर्यंत बैलगाडीनं आलं. शहाणपण मात्र तो तोंडानंच वाहून आणत होता, वाटेत भेटेल त्याला फुकट वाटत.

"वहिनी, ह्यातली वंजळभर म्हंजे गाडीभर शेण," अंगणात पोतं सोडून त्यानं थोरल्या भावजयीला सांगितलं. आत मिठासारखी पांढरी पूड होती.

पारूबाईनं ती चिमटीत धरून बघितली. "व्हय का भावजी? मंग तुमी बी वंजळभर जेवत जावा आन् गाडीभर काम करा."

पारूबाईच्या जिभेला सगळी वाडी वचकून असे. दिराला तर ती पहिल्यापासून पाण्यात बघे. चार इयत्ता शिकला म्हणून नांगराला हात लावायची लाज, आणि दुसऱ्याला अक्कल शिकवायची हौस! पण यंदा ह्या शहाण्याचा डोळा तिच्या म्हशींवर होता. काजळी आणि चांदरी, दोघी भाकड. डोंगरातल्या थंडीत भाकड जनावर पोसायचं ते शेणासाठी. खत पोत्यातून येणार तर म्हशी कशाला, भोरच्या बाजारात विकून टाका, असं त्याचं म्हणणं. पारूबाईनं त्या दोघींना पारडी असल्यापासून वाढवलं होतं. त्यांच्यावाचून गोठा तिला बघवला नसता.

तिचा नवरा हैबती म्हणजे टोपलीतला कांदा, ढकलाल तिकडं गडगडणार. तो म्हणाला, "औंदा वरल्या पट्टीत बटाट्याला पोतंच घालू, शेण नगं. मंग बघू म्हशींचं."

दिवाळी सरली, दहिवर पडू लागलं, लागवड निघाली. बेण्याच्या फोडी राखेत घोळायच्या आणि सरीतही राख पसरायची, ही पारूबाईच्या आजेसासूपासूनची रीत. 'शेण नगं म्हणालं धनी, राख नगं असं कुठं म्हणालं?' असं मनाशी म्हणत तिनं घरच्या चुलीची, शेजारच्या चुलीची, शेकोटीची अशी पाटीवर पाटी राख ओल्या सरीत ओतली. मागून आनंदराव पूड टाकत आला. थोड्याच वेळात असा उग्र वास उठला की बैलांनी माना फिरवल्या आणि माणसांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

झालं! आनंदराव बांधावर चढला. "बगा, ह्येला म्हंत्यात जोर! शेणाला हाय का असला वास?"

बघायला जमलेल्यांनीही माना डोलावल्या. तंबाखू झोंबली की अस्सल आणि मिरचीचा ठसका लागला की खरी, एवढीच त्यांची पारख. हैबतीनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि जन्मात पहिल्यांदा काहीतरी झटक्यात ठरवलं. पुढच्याच बाजाराला काजळी आणि चांदरी भोरला गेल्या. पारूबाई दावं धरून ओढ्यापर्यंत गेली. तिथून पुढं तिला जाववेना. घरी येऊन ती रिकाम्या गोठ्यात बसून रडली.

बटाटा निघाला तो सुपारीएवढा. मग काय, पारूबाईच्या जिभेला धार चढली. "भावजी, ह्येची भाजी करू का आडकित्त्यानं कातरून पानात घालू?" ती पाणवठ्यावर बोले, बांधावर बोले, जेवायला वाढतानाही बोले. शेवटी आनंदराव टेकीला आला. चूक आपली नाही, दुकानदारानंच खोटी पूड गळ्यात मारली, हे वहिनीच्या तोंडावर सिद्ध करायला त्यानं शेतकी खात्याच्या माणसाला वाडीवर आणलं.

त्या माणसानं पोत्यातली उरलेली पूड हातावर घेतली. "पूड चांगली आहे. शेणखत किती घातलंत?"

"अजाबात न्हाई," आनंदराव ऐटीत म्हणाला.

"मग अर्धं तिथंच चुकलं. खाली कुजलेलं शेणखत आणि वर बेताची पूड, दोन्ही मिळून बटाटा पोसतो. लावताना वास आला होता का?"

"आलाता की! लई जोराचा."

"मग खत त्या वासातच उडून गेलं. ओल्या राखेशी गाठ पडली की ही पूड अशीच उडते. राख कुणी घातली?"

"म्या," पारूबाई म्हणाली, आणि लगेच दिरावर उसळली, "राखंचं काय घिऊन बसलाय? शेण बी लागतंय म्हणत्यात, ऐकलंसा? आता कुठनं आणायचं शेण? तुमच्या थापांपायी माज्या म्हशी गेल्या!"

"म्हशी म्या इकल्या," कोपऱ्यातून हैबती म्हणाला. "त्येच्या थापांवर माजा कवाच इस्वास नव्हता. त्यो वास आला म्हणून इकल्या, अगं."