दोन कुलपांचं कपाट

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. जयपूरच्या प्रताप नगरमधल्या एका छोट्या रुग्णालयात, औषधांच्या खोलीत, चार बोल्ट ठोकून मला भिंतीला जखडलंय. माझ्या पोटात मॉर्फिनच्या गोळ्या असतात, म्हणून एवढा बंदोबस्त.

मित्रांनो, मी सांगानेरच्या एका शेडमध्ये घडलो. माझ्यासोबतची कपाटं लग्नाच्या साड्या सांभाळायला गेली. माझ्या नशिबी आले नियम. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. एक किल्ली फार्मासिस्ट साधनाताईंकडे. त्या भुसावळच्या, नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून इकडे आलेल्या. दुसरी शेखावत सिस्टरांकडे. दोघी हजर असल्याशिवाय मी उघडत नाही, आणि उघडलो की रजिस्टरात नोंद.

समोर फ्रिज आहे. त्याला दिवसातून चाळीस वेळा उघडतात. उघडला की आत दिवा लागतो. त्याच्या दारावर हत्तीचं चुंबक आहे, त्याला टेकून सिस्टर गप्पा मारतात. त्यात खाण्याचं ठेवायचं नाही असा नियम आहे. तरी इन्शुलिनच्या मागे ताकाची बाटली असतेच, आणि कोणी ब्र काढत नाही. माझ्यात एक गोळी जास्त निघाली तरी खुलासा! मी जळतो, हे कबूल करतो. आतून गंजण्यापेक्षा ते बरं.

एकदा सकाळी साडेअकराला औषध खात्याचे निरीक्षक साहेब आले. फ्रिजकडे त्यांनी अर्धा मिनिट पाहिलं. माझ्यापुढे मात्र खुर्ची मागवून बसले. दोन्ही कुलपं ओढून पाहिली, बोल्ट हलवून पाहिले, गोळ्या मोजल्या. मी धन्य झालो. फ्रिजचं गुरगुरणंसुद्धा मला मंदावल्यासारखं वाटलं.

मग रजिस्टरावर त्यांचं बोट थांबलं. शिल्लक गोळ्यांपुढे साधनाताईंनी लिहिलं होतं : ‘१० गोळ्या – खोली.’

“मैडम, दस गोली खोली, तो ये दसों बंद कैसे हैं?”

साधनाताई गोंधळल्या. “सर, वो तो रोज खोलीच रहती हैं.”

“रोज खुली रहती हैं? और आप कबूल भी कर रही हैं!” साहेब उठलेच. “जाँच होने तक अलमारी सील होगी.”

सील! लाल लाख, वर सरकारी शिक्का! फ्रिजला जन्मात मिळणार नाही असा मान. मी ताठ झालो.

तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डातून कण्हणं आलं. सात नंबरच्या खाटेवर भीमराव होते, रेल्वेतले निवृत्त गार्ड. कॅन्सर हाडांत उतरलेला. त्यांची बाराची गोळी माझ्या पोटात होती, आणि बारा वाजून गेले होते.

शेखावत सिस्टरांची ट्यूब पेटली. “साहबजी, ये लोग कमरे को खोली बोलते हैं! गोली कमरे में है, बस.”

“मैं कैसे मान लूँ?”

“सात नंबर भी मराठी हैं. पूछ लो उनसे.”

साहेब खरंच गेले. मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. “बाबा, खोली क्या होती है?”

“खोली?” भीमराव दात आवळून म्हणाले, “अहो, मी जिथं ओरडतोय आणि तुम्ही शब्दाचे अर्थ विचारताय, ती ही!”

साहेबांना मराठी येत नव्हतं. पण भीमरावांनी बोट चारी भिंतींवरून फिरवलं, ते त्यांना कळलं, असं सिस्टर नंतर सांगत होत्या.

साहेब परतले ते हळू आवाजात. “पहले गोली दीजिए. लिखना बाद में.”

“नाही सर, लिखके ही देंगे,” साधनाताई म्हणाल्या.

“और ताई, कमरा लिखना!” सिस्टर ओरडल्या.

दोन किल्ल्या फिरल्या. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. एकच्या सुमारास कण्हणं थांबलं आणि घोरणं सुरू झालं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना पक्कं बंद ठेवा. किल्ल्या दोन वेगळ्या हातांत असू द्या. पण दुखणाऱ्याची वेळ झाली की ते दोन्ही हात आमच्यासमोर हवेत. त्या पंचवीस मिनिटांतली काही मी शिक्क्याची वाट बघण्यात घालवली. हे कुठल्याच रजिस्टरात नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.